बिराजदार बाईंचा म्हसोबा

बिराजदार बाईंना खुर्चीत नीट टेकून बसलेलं मी कधी बघितलं नाही. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्यांची एक खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. बाई स्वतः खिडकीपाशी उभ्या. चहासुद्धा उभ्यानं. अर्धा कप पिऊन झाला की कप दिसेल तिथं ठेवायच्या आणि दाराबाहेर. मग शिपाई उरलेला चहा घेऊन त्यांच्या मागून व्हरांड्यात. वर्गातही तेच, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. मुली म्हणायच्या, बाईंच्या तासाला मान दुखते. आणि आईवडिलांनी नाव ठेवलं होतं शांता! मी एकदा म्हटलं, "बाई, तुमच्या बारशाला कुणीतरी थट्टा केलीय." तर म्हणाल्या, "अगं, लहानपणी मी फार झोपाळू होते म्हणे. सगळी झोप तेव्हाच..." आणि वाक्य तिथंच टाकून चालत्या झाल्या. वाक्यं पुरी करायची त्यांना सवय नव्हती. उरलेलं आपण समजून घ्यायचं.

मी रसायनशास्त्र शिकवायचे, त्या वनस्पतिशास्त्र. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या, अक्कलकोटकडच्या, लग्न न केलेल्या. सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराला मी सोलापुरात नोकरीला लागले आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. घरमालकिणीनं नळ किती वाजता येतो ते सांगितलं, कपडे कुठं वाळत घालायचे ते सांगितलं. शेजारी कोण राहतं ते मात्र सांगितलं नाही. पहिल्याच रविवारी दारावर धडाधड थापा. बाहेर धड उजाडलंही नव्हतं.

"शालिनी, ऊठ गं. ऊन काय आपल्यासाठी थांबतंय की काय?"

"कुठलं ऊन, बाई? अजून..."

"तेच म्हणते मी. चल. चपला नकोत, बूट घाल. नसतील तर माझे घे."

त्यांचे बूट मला सैल व्हायचे. तरी गेले. नाही म्हणायला त्यांनी सवडच दिली नाही, आणि पुढं इतकी वर्षं कधीच दिली नाही. मला चालायची हौस तेव्हाही नव्हती, आजही नाही. रविवारी जेवावं आणि पालथं पडावं, हा माझा स्वभाव. पण बाईंच्या शेजारी राहून पालथं पडणं म्हणजे रेल्वे फाटकात अंथरूण घालण्यासारखं होतं.

पॅसेंजरनं होटगीला उतरायचं आणि तिथून माळ धरायचा. गाडीत बाई दारात उभ्या. मी आत बसून घ्यायचे, तर दर पाच मिनिटांनी आत डोकावून, "शालिनी, हे बघ, हेंकळ फुललाय." मी बघेपर्यंत हेंकळाचं ते काटेरी झुडूप मागं गेलेलं असायचं. सोलापूरचा माळ ज्यानं उन्हाळ्यात बघितलाय तो म्हणेल, तिथं बघायला काय आहे? धोंडे, कुसळं, तरवड, बोराटी. पण पावसाळ्यात त्याच माळावर बाई अशी अशी झाडं दाखवायच्या की बोटभर उंचीचं एखादं रोप बघून चांगली मोठी माणसं "अरेच्चा!" म्हणायची. कॉलेजातली मुलं यायची, कुणी त्यांचे पालक, कुणी शिक्षक. कुणी सहल म्हटलं की बाई उखडायच्या. "सहलीला माणसं डबा खायला जातात. आपण झाडं बघायला चाललोय. डबा नंतर. उरला वेळ तर."

वेळ उरायचा नाही. डबा आम्ही परतीच्या गाडीत खायचो.

आणि एक नियम. वाटेत काय वाटेल ते बोला, बोरं खा, गवताची काडी दातात धरा. पण दुर्मिळ झाड समोर आलं की बाई थांबायच्या. त्यांचं थांबणं तेवढंच. थांबून हुकूम सोडायच्या, "हात मागं!" मग लहानथोर सगळ्यांनी पाठीमागं हात बांधायचे आणि तसंच वाकून बघायचं. पहिल्यांदा मी फस्सकन हसले. बाईंनी असं काही बघितलं की माझे हात आपोआप मागं गेले. म्हणाल्या, "माणसाचा हात डोक्याला विचारत नाही गं. दिसलं की तोडतो. म्हणून त्याला आधी बांधायचं." त्या स्वतःही बांधायच्या. एरवी ते हात सारखे काहीतरी करत असायचे, पदर खोच, पिशवी उघड, पिशवी मीट. पाठीमागं गेले की एकदम गप्प. आणि हात गप्प झाले की बाईही गप्प. झाडासमोरच्या त्या चारदोन मिनिटांत त्या वेगळ्याच कुणीतरी दिसायच्या. साधं तरवड-बोराटी असलं तर हात मोकळे. हात मागं गेले म्हणजे समोर काहीतरी आहे, हे आम्हा नेहमीच्या लोकांना न सांगताच कळायचं.

नेहमीचे म्हणजे मी, आणि मल्लेशम. मल्लेशम चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचा. तेलुगू घरातला, चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा. चादरीवर तेच तेच कमळ आणि तोच तोच मोर काढून तो वैतागला होता, आणि कुणीतरी त्याला सांगितलं की एक बाई माळावर नवी फुलं दाखवतात. बाईंना तो 'टीचर' म्हणायचा. माळावर वाकून फूल बघायचा, डोळे मिटायचा, बोटांनी हवेत चौकटी मोजायचा आणि मान हलवायचा. "नाय टीचर. ही फूल लई चांगली हाय, पन मागावर बसत नाय." बाईंना वाईट वाटायचं, जसं काही तो दोष फुलाचाच.

माळावर बिरूमामा भेटायचा, मेंढरं घेऊन फिरणारा. पहिली दोनतीन वर्षं त्यानं आम्हाला लांबूनच बघितलं. एवढी शिकलेली माणसं हात पाठीमागं बांधून झुडपापुढं का वाकतात, हे त्याला काही केल्या उमजेना. एकदा धीर करून त्यानं बाईंना विचारलं, "बाई, तुमी काय शोधताय वो?" बाई आनंदल्या. म्हणाल्या, "खरपुडी शोधतोय, मामा. कंदिलासारखं फूल येतं बघा, नाजूक वेल असतो." ऐकून घेऊन मामा मेंढरांमागं गेला. पुढच्या रविवारी वाटेत उभा. पटक्याचा पदर सोडला, तर त्यात खरपुडीच्या कंदांचा ढीग! अख्खा माळ पालथा घालून उकरून आणले होते.

"घ्या की. एवढ्या लांबनं येताय, आन् सापडंना म्हंता. लई ग्वाड असत्यात."

बाईंचा चेहरा पांढराफटक झाला. मला वाटलं, आता म्हातारा मेला. पण त्याचा चेहरा इतका खुशीत होता की रागावणं शक्यच नव्हतं. त्यांनी एक कंद घेतला, लुगड्याला पुसला आणि उभ्या उभ्या खाल्ला. मग मला दिला. खरंच गोड होता, काकडीसारखा. बाई चावत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मामा मला म्हणतो, "बाईला लईच आवडला जनू."

पण ती साधी खरपुडी. माळावर अजून कितीतरी होती. बाईंचा खरा जीव अडकला होता तो एका दुसऱ्याच वेलात. माळाच्या पार कडेला एक बसका काळा धोंडा होता, म्हशीएवढा, आणि त्याच्या सावलीत बोराटीचं जाळं. त्या जाळ्यात पाचसहा वेल होते. खरपुडीचेच भाऊबंद, पण फूल वेगळं. साध्या खरपुडीच्या फुलाच्या पाकळ्या टोकाशी मिळतात, कंदिलाची कडी लागावी तशा. या फुलाच्या मिळतच नव्हत्या. पाची टोकं मोकळी, काळपट तपकिरी. बाईंनी सगळी पुस्तकं धुंडाळली, कुठं मेळ बसेना. कुणीच न नोंदलेलं झाड आपल्याला सापडलंय, असं त्यांना वाटायला लागलं होतं. वाटायला लागलं होतं म्हणते, पण खरं सांगायचं तर त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. आमच्यासारख्या आडबाजूच्या कॉलेजात फळ्यापुढं आयुष्य घालवलेल्या बाईला एकदाच असं काही मिळतं. त्या जागेवर नेताना त्या दर वेळी नवी वाट घ्यायच्या, उगाच ओढ्याला वळसा, उगाच टेकाड चढून खाली. कुणाला जागा लक्षात राहू नये म्हणून. माझे पाय मोडायचे.

त्यांनी पुण्याच्या एका मोठ्या तज्ज्ञांना कळवलं. त्यांचं उत्तर, नमुना पाठवा. बाई स्टाफरूममध्ये तरातरा फिरल्या. "नमुना पाठवा म्हणजे काय? तोडूनच की! पाचसहा वेल आहेत सगळे मिळून. त्यातला एक मुळासकट उपटून कागदात दाबू? तुम्ही या म्हणावं. फुललेला बघा. हात मागं बांधून बघा आणि सांगा काय ते." ते म्हणाले, पुढच्या पावसाळ्यात येतो.

पुढचा पावसाळा आलाच नाही.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना त्याच्याबद्दल काही सांगायला नको, आणि ज्यांनी नाही बघितला त्यांना कितीही सांगितलं तरी थोडंच. आषाढ कोरडा, श्रावण कोरडा. माळावर हिरवी काडी नाही. काळ्या धोंड्यापाशी बोराटीच्या नुसत्या काट्या. मी घाबरून म्हटलं, "बाई, गेली का हो?"

"जाते कशाला? झोपलीय. खाली कंद आहे ना. पाऊस नाही म्हटल्यावर ती उठतच नाही. एक वर्ष, दोन वर्षं, झोपून राहील. शहाणी आहे ती. आपल्यासारखी..."

"मग जरा उकरून बघू या का? आहे की नाही ते तरी कळेल."

"उकरलं की मेली. बघायचंच नाही. थांबायचं."

हे कुणी म्हणावं? ज्यांना चहा निवेपर्यंत थांबता येत नव्हतं त्यांनी! त्या वर्षी भिंतीपलीकडून दिवसभर येरझाऱ्या ऐकू यायच्या. खोलीतली कॉट आज या भिंतीला, उद्या त्या भिंतीला. मला इकडं रसायनशास्त्राचे पेपर तपासता येईनात. मी एकदा चिडून भिंतीवर थापही मारली. क्षणभर शांत झालं, मग कॉट पुन्हा सरकली.

थंडी सरता सरता दुष्काळी काम त्या माळावर आलं. खडी फोडायचं काम. गावागावची माणसं, बायका जास्त, डोक्यावर फडकं बांधून ओळीनं बसलेल्या, आणि हातोड्यांचा तो आवाज. दर रविवारी तो आवाज काळ्या धोंड्याच्या जवळ जवळ येत होता. शेवटी बाईंनी मुकादमाला गाठलं.

"तेवढा एक धोंडा सोडा."

"का बरं? खाली काय पुरलंय का?"

बाई बोलायला गेल्या आणि थबकल्या. मला त्यांच्या मनातलं दिसलं. कंद आहे म्हटलं तर संपलंच. ही माणसं रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढत होती. गोड कंद म्हटल्यावर कुणी ठेवला असता? आणि का ठेवावा?

"तसं काही नाही," बाई म्हणाल्या. "सावली आहे म्हणून..."

मुकादम हसला. "सावलीनं माप भरत न्हाय, बाई. पुढच्या आठवड्यात त्योच घ्यायचाय."

सोलापूर स्टेशनवर उतरलो आणि त्या घराकडं न वळता बाजाराकडं. पूजेच्या सामानाच्या दुकानात शिरल्या. "शेंदूर द्या. अजून द्या. अहो, हात काय आखडता, मोठ्या देवाला लागणार आहे." मी नुसती बघतच राहिले. या बाई वर्गात ग्रहणाच्या दिवशी मुद्दाम डबा उघडून खाणाऱ्या. दारावर आलेल्या जोशाला झाडाच्या पेशी समजावून सांगणाऱ्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, कामावर माणसं यायच्या आधी आम्ही माळावर. बाईंनी तेलात शेंदूर कालवला आणि दोन्ही हातांनी धोंड्याला असा भराभरा फासला की त्यांची कोपरंसुद्धा लाल झाली. वर दोन डोळेही काढले. एक जरा तिरका झाला.

"बाई, अहो, तुम्ही हे..."

"गप गं. विज्ञानात याला संरक्षण म्हणतात."

आम्ही तरवडाच्या आडून बघत होतो. मुकादम आला. धोंडा बघितला, पायातलं पायताण काढलं, डोक्यावरची टोपी काढली. मागच्या माणसांना म्हणाला, "आरं, हितं म्हसोबा हाय की! कसं ध्यानात आलं न्हाय इतकं दिस? ह्याला हात लावू नगा." आणि हातोडे पलीकडं गेले. मी हसू दाबून दाबून बेजार. बाई तर त्या दिवशी गाडीत चक्क गुणगुणत होत्या. शेंदूर त्यांच्या नखांतून किती तरी दिवस गेला नाही. फळ्यावर लिहिलं की खडूला लाल बोटं उमटायची.

पुढचे काही रविवार बाईंच्या परीक्षेच्या कामात गेले. मग आम्ही गेलो, मल्लेशमही होता. लांबूनच दिसलं, म्हसोबाचं चांगलं बस्तान बसलं होतं. हळद, कुंकू, कुणाच्या तरी चोळीचा तुकडा, एक फुटकी पणती. बाई गालातल्या गालात हसल्या. मग जवळ गेल्या आणि त्यांचं हसू मावळलं.

धोंड्याच्या बुडाशी सगळी ओल होती. चिखल.

तेवढ्यात एक बाई आली. गंगव्वा तिचं नाव, नंतर कळलं, कानडी सरहद्दीकडची. अंगात हाडं तेवढी. तिच्या हातात पितळेचा तांब्या होता. कामावरच्या माणसांना टँकरचं पाणी मापून मिळायचं, त्यातला हा तिच्या वाटणीचा तांब्या. तिनं तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि अर्धा धोंड्यावर ओतला. मागून दुसरी आली. तिनंही ओतलं. मागं आणखी बायका.

बाई ओरडल्याच. "अगं, काय करतेस? बेडा अव्वा, नीर बेडा!" पाणी नको म्हणून कानडीतून सांगायला लागल्या.

गंगव्वा शांतपणे मराठीतच म्हणाली, "द्येव तापलाय, बाई. ह्यो निवला तर पाऊस पडंल की."

"पण तुला प्यायला?"

"हाय की अर्धा."

बाईंचं तोंड मी कधी विसरणार नाही. खाली झोपलेल्या कंदाला रोज ओल लागली की तो कुजणार, हे त्यांना माहीत होतं. आणि वर, उन्हात खडी फोडणाऱ्या बायका तोंडचं पाणी ओतत होत्या ते कुणावर? बाईंनी तेलात कालवलेल्या शेंदरावर. तिरक्या डोळ्यावर. त्या तिथंच खाली वाकल्या, गंगव्वाचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. "हा देव नाही गं. मी फासलाय शेंदूर. या हातांनी. धोंडा फोडू नये म्हणून. देव नाही हा, तुझं पाणी तू पी."

मला वाटलं, आता दगड पडतील आमच्यावर. मुकादमही येऊन उभा राहिला होता. गंगव्वानं बाईंचे हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "मंग द्येवच आला असंल की तुमच्या हातात. कुनी लावल्याबिगर शेंदूर लागतोय व्हय कुटं?"

बायकांनी माना डोलावल्या. एक म्हातारी पुढं आली आणि चक्क बाईंच्या पाया पडली. बाई तिथून पळाल्या. खरोखर पळाल्या, पदर सावरत, कुसळांतून. मी आणि मल्लेशम मागून धापा टाकत.

मग सुरू झाला तो नुसता छळ. कॉलेजची उन्हाळी सुट्टी, सोलापूरचं ऊन, आणि बाई वेळ मिळेल तेव्हा होटगीला. धोंड्याच्या कडेनं त्यांनी बोटानं चर काढला, पाणी पलीकडं वाहून जावं म्हणून. पुढच्या खेपेला बायकांनी तो चर शेणानं सारवून बुजवला होता, देवापुढं नीट दिसावं म्हणून. बाईंनी सांगितलं, या देवाला पाणी चालत नाही, नुसतं कुंकू लावा. कुणीतरी म्हणालं, पाणी चालत नाही असा कुठं देव असतो का, बाई? शेवटी बाई आणि मल्लेशमनं कॅन भरभरून पाणी न्यायला सुरुवात केली, गाडीतून, मग होटगीपासून भाड्याच्या सायकलवर. निदान बायकांना पुरतं प्यायला मिळावं. बायका दुवा देत, पोटभर पीत आणि राहिलेलं पाणी हसतमुखानं म्हसोबावर ओतत. खोलीवर आल्यावर मी संतापून म्हटलं, "मग आता शेंदूर खरवडून काढा ना, बाई! होऊ दे काय व्हायचं ते!"

"म्हणजे उद्या धोंडा फुटेल."

"मग फुटू दे! तुमची काय दशा झालीय बघितलीत का?"

बाई खिडकीकडं गेल्या, दाराकडं गेल्या, परत खिडकीकडं. "फुटलं तर नक्की मेली. कुजली तर कदाचित... मला ठरवता येत नाही गं शालिनी. मला काही म्हणता काही ठरवता येत नाही." स्वतःबद्दलचं एवढं पुरं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या उन्हाळ्यानंतर मात्र पाऊस झाला. चांगला झाला. बायकांच्या लेखी म्हसोबा पावला. आणि पुण्याच्या तज्ज्ञांचा निरोप आला, येतो म्हणून.

श्रावणातला रविवार. माळ असा हिरवागार की मागचं वर्ष खोटं वाटावं. पाहुणे पांढरी टोपी, गळ्यात भिंग, आणि खरंच सज्जन माणूस. बाई पुढं आणि आम्ही सगळे मागं. त्या दिवशी त्यांनी वळसे घेतले नाहीत, सरळ वाट धरली. धोंड्यापासून चार पावलांवर थांबल्या. "हात मागं." पाहुण्यांनीसुद्धा निमूटपणे हात बांधले. आम्ही वाकलो.

बोराटीला पालवी फुटली होती. तिच्यात वेल नव्हता. बाईंनी या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. साधी खरपुडी अख्ख्या माळावर फुलली होती, येताना वाटेत दिसली होती. इथं काही नाही. पाहुणे हळूच म्हणाले, "एखादे वेळी उशीर होतो, बाई." तेव्हा बाईंनी पाठीमागचे हात सोडले, खाली बसल्या आणि बोटांनी माती उकरली. वर्षभर मला उकरू दिलं नव्हतं. काळी, चिकट माती. त्यातून त्यांनी काहीतरी काढलं आणि तळहातावर ठेवलं. कंदाचं नुसतं साल होतं, आत काळा चिखल. दुसरा काढला. तसाच. तिसरा त्यांनी काढला नाही.

पाहुणे जाताना म्हणाले, "पुन्हा केव्हातरी." सज्जन माणसं असंच म्हणतात.

गाडीत बाई दारात उभ्या राहिल्या. मी आतून उठून त्यांच्याजवळ गेले. म्हणाल्या, "त्यांच्या तोंडचं पाणी होतं गं ते. मी देव केला म्हणून ओतलं त्यांनी. त्यांचं पाणी गेलं, माझा वेल गेला. दोन्हीकडं मीच." रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "परत कधी दिसली ना, तर मी कुणाला सांगणार नाही. पुण्याला नाही, कुणाला नाही. तुलासुद्धा नाही."

"नका सांगू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

म्हसोबा मात्र जोरात चालला. त्याच्यावर पत्र्याचं छप्पर आलं, वर्षातून एकदा नारळ फुटायला लागले. गंगव्वाच्या मंडळींनी पहिल्या नारळाचा मान बाईंना दिला. बाईंनी कितीदा नको म्हटलं. एके वर्षी बिरूमामा स्वतः सोलापूरला येऊन त्यांना घेऊन गेला. म्हसोबाची बाई म्हणून त्या चार गावांत ओळखल्या जायच्या. नारळ फोडताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मला बघवायचं नाही. पण जायच्या. गंगव्वाशेजारी उभ्या राहायच्या आणि तिच्या घरचं पाणी मागून प्यायच्या, गडव्यानं, घटाघटा. मल्लेशमनं त्यांना एक चादर विणून आणली, त्या फुलाची, आठवणीतून. बाईंनी उलगडून बघितली आणि म्हणाल्या, "पाच टोकं पाहिजेत. तू चारच काढलीस."

"पाचवी मागावर बसत नाय, टीचर. लई बघितली."

बाईंनी चादर घडी केली. वापरली कधीच नाही.

रविवार चालूच राहिले. एक नवा नियम आला. होटगी सोडून माळाला लागलं, की बाई सगळ्यांच्या बाटल्या तपासायच्या. "पाणी इथंच प्या, नाहीतर मेंढरंवाल्यांना द्या. माळावर भरलेली बाटली न्यायची नाही." नवी मुलं कुरकुरायची. कारण बाईंनी कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही नाही.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात बाईंनी नोकरी सोडली, मुदतीच्या आधीच. गुलबर्ग्याला भावाकडं जायचं ठरलं. शेवटच्या रविवारी बरीच मुलं होती, कॅमेरावाला एक नवा तरुण प्राध्यापक होता, हिरीरीनं सगळ्याची चित्रं टिपणारा, चांगला, हुशार. मल्लेशम होता. बाई नेहमीसारख्या पुढं, आम्ही मागं. म्हसोबा ओलांडून खूप पुढं गेलो. वारा जोराचा होता. हेंकळाच्या एका झुडपापाशी बाई थांबल्या. मुलं त्यांच्या अंगावर आदळता आदळता राहिली.

"काय आहे, मॅडम?" त्या तरुणानं कॅमेरा वर करत विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "हेंकळ आहे. चला पुढं."

पण स्वतः हलल्या नाहीत. मी मागं होते, म्हणून मला दिसलं. त्यांचे हात पाठीमागं होते. एकात एक गच्च गुंतवलेले, गप्प. मल्लेशमनं ते बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आपलेही हात मागं बांधले.

माझी मान वळत होती. नुसतं एकदा त्या हेंकळात बघावं, एवढंच. सगळं अंग तिकडं ओढत होतं. मी दात आवळले, त्या तरुणाचा दंड धरला आणि म्हटलं, "चला हो, तिकडं ओढ्याकाठी काय सुंदर फुललंय, ऊन काय आपल्यासाठी थांबणार आहे?" आणि सगळ्या मुलांना पुढं घेऊन गेले.

ओढ्यावर पोचल्यावर मागं वळून बघितलं. एवढ्या मोठ्या माळावर बाई एकट्या उभ्या होत्या, झुडपापुढं, हात मागं बांधून. मुलांनी हाका मारल्या, तरी लवकर आल्या नाहीत. इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.